तेल बघणारे नाना

आमच्या वडगावात चारचाकी घेतली की कुणी देवळापुढं नारळ फोडतं, कुणी दर्ग्यावर चादर चढवतं, कुणी विहारापुढं गाडी उभी करून वंदना घेतं. तिथपर्यंत ज्याची त्याची श्रद्धा. त्यानंतरचा विधी मात्र सगळ्यांना एकच. गाडी दिगंबर नानांच्या ओट्यापुढं न्यायची, बॉनेट उघडायचं आणि नानांनी तेल बघायचं. हा विधी कुणी चुकवला तर त्याच्या गाडीला काही होत नसे. पण नानांचं तोंड वाकडं होई आणि त्या माणसाची ग्रामपंचायतीतली कामं अडायला लागत. नाना सरपंच होते तेव्हाही अडत आणि सरपंचकी गेल्यावरही अडत.

मी शाळामास्तर आहे. अडाणीपणाशी माझा रोजचा संबंध येतो आणि त्याचा मला राग येत नाही. एखादी गोष्ट न कळणं हा काही गुन्हा नव्हे. पण न कळण्याचा एवढा तोरा मिरवणारा, आणि त्याचं नुकसान दरवेळी दुसऱ्याच्या पदरात टाकणारा माणूस मी नानांसारखा दुसरा पाहिला नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहितो आहे. आदरानं लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नाना ओट्यावरून उतरत तेच मुळी मांडवात वरबाप उतरावा तसे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खिशाला पेन. त्या पेनानं नानांनी काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. गाडीजवळ आले की ते हात पुढं करत. मालकानं लगबगीनं इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून त्यांच्या हातात द्यायची. नाना पट्टीचं टोक उजव्या अंगठ्यावर टेकवत, मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत. डोळे मिटलेले. गर्दी गप्प. मग तो अंगठा नाकाशी जाई. एक खोल श्वास. मग डोळे उघडून नाना बाजूला थुंकत आणि निकाल देत:

"पाणी हाय बे हे! निव्वळ पाणी!"

ओट्यापुढचा निकाल कधी बदलला नाही. शोरूममधून थेट आलेली गाडी असो की दहा हात फिरलेली, तेल पाणीच असायचं. कधी तरी एखाद्या गाडीचं तेल बरं निघेल, अशी आशा मी फार वर्षं बाळगली होती. ती सोडून दिली.

निकालानंतर अंगठा पुसण्याचा कार्यक्रम असे. हा माणूस आयुष्यात स्वतःच्या कपड्याला अंगठा पुसत नसे. नव्या सीटचं कव्हर, गाडीला घातलेला झेंडूचा हार, मालकाच्या खांद्यावरचा टॉवेल, जे समोर येईल त्यावर नाना काळा ठसा उमटवत. लोक हसत. काही जण तर तो ठसा कौतुकानं दाखवत, "नानांनी तेल बघितलंय." अशा लोकांविषयी मी वेगळं काही लिहीत नाही, ते यातच आलं.

या विद्येचा उगम सांगायला हवा. तरुणपणी नानांकडं एक जुनी जीप होती. तिच्या इंजिनाचे सगळे भाग झिजून सैल झालेले. तिच्यात पातळ तेल टाकलं की ते धूर होऊन जाई, आणि दाट तेल टाकलं की जीप जरा शांत चाले. एवढ्या एका म्हाताऱ्या जिपेवरून नानांनी जगातल्या सगळ्या इंजिनांचा सिद्धांत मांडला: दाट तेलात दम असतो, पातळ तेल ही कंपनीवाल्यांची लबाडी. "पातळ तेल कावून देतेत? गाडी लौकर मोडावी, दुसरी घ्यावी म्हणून!" मग ते स्वतःचा काढा सांगत. ट्रॅक्टरचं तेल घ्यायचं आणि त्यात थोडं 'नव्वद नंबर' मिसळायचं. नव्वद नंबर हे गिअरच्या पेटीत घालायचं चिकट तेल. ते इंजिनात घालणं म्हणजे दुधाच्या बाटलीत पिठलं भरून बाळाच्या तोंडाला लावणं. पण नाना ते घालत, आणि जुन्या जिपा, खटारा टेम्पो ते मुकाट पचवत. त्यातच नानांची कीर्ती वाढली.

आमच्याकडं एकदा बदलून आलेले जनावरांचे डॉक्टर होते. तरुण, सरळ माणूस. त्यांनी नवी गाडी आणली आणि कुणीतरी त्यांना ओट्यापुढं नेलं. नानांनी पाणी असल्याचा निकाल दिला. डॉक्टरांनी बॉनेटमध्ये बोट दाखवलं. इंजिनात तेल ओतायच्या तोंडाला जे झाकण असतं, त्यावर त्या गाडीला कोणतं तेल लागतं ते ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं.

"नाना, इथंच लिहिलंय की," डॉक्टर म्हणाले. "दोन आकडे आहेत. पहिला थंडीसाठी, दुसरा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहावं त्यासाठी. आपण दुसरं कशाला टाकायचं?"

नानांनी झाकण फिरवून काढलं, हातात घेतलं, त्याच्याकडं पाहिलं आणि अक्षरांची बाजू खाली करून बॅटरीवर पालथं ठेवलं.

"डाक्टर, हे लिवणाऱ्यानं बीडचा उन्हाळा बघितलाय का? मे महिन्यात आमच्याकडं म्हशी डबक्यातून निघत न्हाईत. अन हे चाललेत पातळ तेल टाकाया!"

ओट्यावर हशा पिकला. डॉक्टर लाल झाले. दुसरा आकडा उन्हातान्हाचा विचार करूनच लिहिलेला असतो हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं, पण हसणाऱ्या माणसांना ते परत कोण सांगणार? ते गाडी घेऊन गेले आणि पुन्हा त्या ओट्याकडं फिरकले नाहीत. पुढं त्यांच्या प्रत्येक कागदावर पंचायतीत काही ना काही खोट निघत राहिली. शेवटी ते बदली करून घेऊन सिरसाळ्याकडं गेले. मला नानांची ही अदा विसरता येत नाही. झाकण वाचता येत नव्हतं असं नाही. वाचता येत होतं, म्हणून तर ते पालथं ठेवलं.

आता किसन काकांविषयी. भीमनगरात आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका एसटीत कंडक्टर होते. गाडीत त्यांचा आवाज असा, की दारात लोंबकळणारा फौजदारसुद्धा निमूट आत सरके. "मागं जागा हाय, मागं चला!" ही त्यांची आरोळी मी लहानपणापासून ऐकली. पण हाच माणूस गावच्या स्टँडवर उतरला की आवाज खिशात घालून घरी येई. नाना समोर दिसले की काका उठून उभे राहत. नाना वयानं त्यांच्याहून लहान, तरी नाना त्यांना "किसन्या" म्हणत आणि काका नानांना "नाना, तुमी". गावात हे असंच चालत आलेलं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

काकांची किडनी गेली तशी त्यांची मुलगी संघमित्रा पुण्याची नोकरी सोडून गावी आली. केजला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम धरलं. काकांना आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिसला न्यावं लागे. सकाळची पाळी, वेळेवर पोचलं नाही तर मशीन दुसऱ्याला जाई. एसटीच्या धक्क्यांनी काका अर्धे होत. म्हणून तिनं एक लहान पेट्रोल गाडी घेतली. भीमनगरातली पहिली चारचाकी. काकांनी त्या गाडीच्या टपावरून हात फिरवला तेव्हा ते रडले, आणि मग लगेच म्हणाले, "नानांकडं नेऊन आणू."

संघमित्रानं नकार दिला. "आबा, गाडीला काय लागतं ते झाकणावर लिहिलंय. मी वाचलंय."

"वाचलं असशील ग. पर आपल्याला गावात ऱ्हायचंय. त्यांचं मन मोडू नको."

नानांनी वाटच पाहिली नाही. तेच भीमनगरात आले. या गल्लीत मतं मागायलाच येणारा माणूस बॉनेट बघायला आपण होऊन आला, याचं काकांना एवढं अप्रूप वाटलं, की त्यांनी घरातली एकुलती खुर्ची गाडीशेजारी आणून ठेवली. नानांनी तेल चोळलं, हुंगलं, आणि ते थुंकले.

"किसन्या, पाणी हाय हे. पोरीला फसवलं कंपनीनं. मी देतो तेल पाठवून."

"नाना, नको," संघमित्रा म्हणाली. "ह्या इंजिनाला दाट तेल चालत नाही. वरपर्यंत चढत नाही ते."

"पोरी, तू रगत तपास. तेल आमी तपासतो."

मी म्हणालो, नाना, ती बरोबर सांगते आहे. त्यावर नाना माझ्याकडं न बघताच म्हणाले, "गुरुजी, तुमी पोरं हाका." आणि अंगठा संघमित्राच्या ओढणीकडं नेता नेता तिनं मागं घेतलेलं पाऊल बघून सीटच्या कव्हराला पुसला. काका हात जोडून उभे होते. संघमित्रानं बापाचे ते जोडलेले हात बघितले आणि ती बाजूला सरली. संध्याकाळी तेल बदललं गेलं.

पुढं महिनाभर नाना त्या गाडीचे मालक असल्यासारखे वागले. त्यांची स्वतःची मोठी पांढरी गाडी अंगणात कव्हर घालून झाकलेली असे. फिरायचं दुसऱ्याच्या गाडीत. अंबाजोगाईला त्यांची जमिनीची एक केस चालू होती, तेव्हा डायलिसिसच्या दिवशी ते चौकात उभे राहत आणि हात करत. गाडी थांबली की काका स्वतः पुढचं दार उघडून खाली उतरत आणि मागं जाऊन बसत. आजारी माणूस, डायलिसिसच्या सुया टोचायचा डावा हात छातीशी धरून, खाली उतरतोय आणि चढतोय, आणि हे पांढरे कपडे पुढं ऐसपैस बसतायत. मी हे चौकातून बघत असे आणि माझ्या तोंडात जे शब्द येत ते मास्तरानं लिहू नयेत.

थंडीतल्या एका सकाळी मलाही अंबाजोगाईला काम होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. गाडी चालू व्हायलाच तयार नव्हती. खूप वेळ घरघरली, मग खोकत चालू झाली. चौकात नाना चढले, काका माझ्याशेजारी मागं आले. गाव सुटल्यावर थोड्याच वेळात इंजिनातून आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. संघमित्रासमोर एक लाल दिवा लागला, तेलाच्या झारीचं चित्र असलेला.

"थांबते मी," ती म्हणाली.

"कावून? चलू दे. ते दिवे भ्या घालायला लावलेले असतेत."

"नाना, तेल वर जात नाही. इंजिन बसंल."

"माझी तारीख हाय. चलू दे म्हणतो ना!"

तिनं आरशातून बापाकडं पाहिलं. काकांना त्या दिवशी आधीच दम लागत होता, पाय सुजले होते. ते अडखळत म्हणाले, "नानांला ठावं असंल ग, मित्रा." ती पुढं गेली. एक चढ आला आणि त्या चढावर इंजिनात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. गाडी जागच्या जागी मेली.

त्या उजाड रस्त्यावर नाना खाली उतरले. बॉनेट उघडायला लावलं. रुमालात धरून पट्टी उपसली, रुमालही काकांचाच. अंगठ्यावर तेल चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "तेल तर एक नंबर हाय!"

मग कडेला दगडावर टेकलेल्या काकांच्या मफलरला त्यांनी अंगठा पुसला.

तेवढ्यात एक जीप आली. नानांनी हात केला. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं नानांसाठी पुढची जागा रिकामी केली. संघमित्रा धावत गेली, "नाना, आबांना घ्या, त्यांची मशीन जाईल." नाना आत बसले होते. "जागा एकच हाय, पोरी. माझी कोर्टाची तारीख हाय. तुमी या मागून." जीप निघून गेली. काका त्या जिपेच्या दिशेनं बघत राहिले. मी आयुष्यात अनेकांना काखा वर करताना पाहिलंय, पण इतक्या सहजपणे नाही.

शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं कॅन सरकवून जागा केली. दवाखान्यात पोचेस्तोवर मशीन दुसऱ्याला गेलं होतं. संध्याकाळपर्यंत काका बाकावर बसून श्वास ओढत राहिले. आडवं पडलं की गुदमरायचे, म्हणून संघमित्रा त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली होती. संध्याकाळी मशीन मिळालं. वाचले. त्या दिवशी ते गेले असते तर हा मजकूर मी लिहिला नसता, दुसरं काहीतरी केलं असतं.

नानांनी गावात सांगितलं ते असं: पोरीला गाडी हाकता येत न्हाई, चढावर इंजिन फोडलं, मी होतो म्हणून जिवंत परत आली. ओट्यावर माना डोलल्या.

बंद पडलेली गाडी ओढून बीडला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. इंजिन उघडल्यावर त्यांनी बोलावलं तेव्हा संघमित्राबरोबर मी गेलो. मिस्त्रीनं एका थाळीत इंजिनातून निघालेलं तेल दाखवलं. काकवी जळाल्यावर दिसावं तसं काळं, चिकट.

"ताई, काय काय टाकलंय यात? झाकणावर लिहिलेलं असतंय की."

"मला वाचता येतं, दादा," ती म्हणाली. "वाचून सुद्धा टाकू दिलं."

आम्ही बाहेरच्या काचेच्या खोलीत आलो, आणि तिथं गार हवेत, कागदी कपातून चहा पीत, दिगंबर नाना बसले होते. काचेपलीकडं त्यांची पांढरी गाडी सर्व्हिसिंगला लावलेली. एक पोरगेलासा कर्मचारी त्यांच्यापुढं वाकून विचारत होता आणि नाना बोट उगारून त्याला बजावत होते:

"हे बग, कंपनीनं जे तेल सांगितलंय तेच टाकायचं. डबा माझ्यासमोर फोडायचा. दुसरं कायबी घालशील तर याद राख."

आम्हाला बघून कुणीही ओशाळला असता. नाना ओशाळले नाहीत. मोठ्यानं म्हणाले, "या ग या! तुमी बी इथं?"

संघमित्रानं विचारलं, "नाना, तुमच्या गाडीला पातळ तेल कसं चालतं?"

"माझी गाडी महागाची हाय पोरी. तिला असलं तसलं कसं टाकावं?"

एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. मला वाटतं, त्या एका वाक्यात नाना पूर्ण आले. त्यांचा सिद्धांत त्यांनी स्वतः कधीच खरा मानला नव्हता. दाट तेल दुसऱ्यांसाठी होतं, ज्यांच्या गाड्या बिघडल्या तरी चालतात अशांसाठी. परतताना एसटीत संघमित्रा खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं ते वाक्य काकांना जसंच्या तसं सांगितलं. काकांनी एकदाच विचारलं, "असं म्हणाले?" आणि ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

गाडी नीट होऊन आली त्यानंतरच्या पहिल्या डायलिसिसच्या सकाळी मी शाळेसाठी चौकात उभा होतो. नाना एका पिकअपच्या बॉनेटमध्ये वाकले होते. "पाणी हाय बे!" ऐकू आलं. तेवढ्यात संघमित्राची गाडी चौकात आली, आणि समोर जनावरं आडवी आल्यानं थांबली. नाना अंगठा तसाच वर धरून तिकडं निघाले.

"आली का दुरुस्त होऊन? उघड, बॉनेट उघड. काय पाणी भरून दिलंय बघू."

संघमित्रानं काच खाली केली. "बॉनेट उघडायचं नाही, नाना."

नाना हसले. पोरीबाळींच्या बोलण्यावर हसतात तसे. मग ते नेहमीप्रमाणं पुढच्या दाराशी गेले. काका आत बसले होते. नानांनी दार उघडलं आणि वाट बघत उभे राहिले. काकांनी पट्टा ओढला आणि खटकन लावला.

"किसन्या, उतर की. तारीख हाय माझी."

काकांनी समोर रस्त्याकडं बघितलं. मग मी कित्येक वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकला. भरल्या एसटीतून शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज. आता त्याला दम कमी होता, पण पिकअपवाला, हॉटेलवाला, सगळ्यांनी तो ऐकला.

"मागं जागा हाय. यायचं तर मागं बसा."

नाना रागानं निघून जातील असं मला वाटलं. एवढा तरी मान ते स्वतःचा राखतील असं वाटलं. पण नानांनी इकडं तिकडं पाहिलं, अंबाजोगाईकडं जाणारी दुसरी गाडी नव्हती, आणि स्वतःच्या गाडीचं डिझेल जाळायचं त्यांच्या जिवावर आलं. ते मागचं दार उघडून औषधांच्या पिशवीशेजारी बसले.

जनावरं हटेपर्यंत गाडी तिथंच होती, तेव्हा मी त्यांना काचेतून नीट पाहिलं. काळा अंगठा हवेत धरून नाना पुसायला काहीतरी शोधत होते. सीटला नवं कव्हर होतं, आणि आरशातून संघमित्राचे डोळे त्या अंगठ्यावर होते. नानांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्याला तो पुसला.